डावीकडचा पाव इंच

“तारीख घातलीस का?” मगदूम बाईंनी विचारलं.

“घातली.”

“आधी तारीख, मग माप. नाहीतर शेवटी घालायला जाशील आणि महिना चुकवशील.”

“आधीच घातलीय बाई. बघा की.” मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, खात्री करून घेतली आणि मगच हात वर केले.

सांगलीत माझं ब्लाउजचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक पडदा, एक आरसा, दोन मशिनी. मगदूम बाईंनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं आणि दहावीला त्यांच्या विषयात मला एक्केचाळीस मार्क पडले. ते त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. दुकान काढलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक त्याच होत्या. मी चिटोऱ्यांवर मापं लिहिते हे बघून दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर लाल पेनानं समास आखून त्यात ‘दिनांक’ असं लिहून दिलं. तेव्हापासून माझ्या दुकानात तारखेशिवाय माप लिहिलं जात नाही. बायका हसतात, हसू देत.

मी सांगतेय ती गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, जूनच्या मध्यातली, शाळा नुकती उघडली तेव्हाची. तीस तारखेला बाई शाळेतून निवृत्त होणार होत्या. शाळेनं सत्कार ठेवला होता आणि त्यासाठी त्यांनी एक खण आणला होता. काळाभोर, लाल काठाचा, अंगभर अर्ध्या बोटाच्या अंतरानं आडव्या रेघा. त्यांच्या आईनं शेवटच्या माहेरपणाला ओटीत घातलेला. बत्तीस वर्षं त्यांनी तो जुन्या धोतरात गुंडाळून ठेवला होता.

“एकच आहे,” बाई म्हणाल्या. “चुकलीस तर परत मिळायचा नाही.”

“मी कधी चुकले?”

“दहावीत. एकोणसाठ मार्कांना.”

बाहेर अण्णा, म्हणजे बाईंचे यजमान, स्कूटर स्टँडला लावून तिच्यावरच पेपर वाचत बसले होते. आमच्याकडे पुरुषमाणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, पण अण्णा तर फाटकाच्याही आत येत नसत. बाईंचं माप होईपर्यंत त्यांची छोट्या जाहिरातींपर्यंत सगळी पानं वाचून व्हायची.

मी फीत खांद्यावर धरून छातीच्या टोकापर्यंत खाली सोडली. उजवीकडं सव्वादहा. डावीकडं सव्वाअकरा. दोन्ही लिहून घेतलं, काही बोलले नाही.

इथं मला थोडं मागं जायला हवं. त्याच्या सहा वर्षं आधी बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला होता. डावीकडचं काढून टाकलं आणि त्याच ऑपरेशनमध्ये आत नवीन बसवलं. हा निर्णय बाईंचा स्वतःचा होता. त्यांच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, की जीव वाचतोय ते बघावं, या वयात ही हौस कशाला. बाईंनी तरी करून घेतलं होतं. बऱ्या होऊन माझ्याकडं आल्या तेव्हा पडद्यामागं उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “शालन, डावीकडचं आता बसवलेलं आहे. टाचणी जपून लाव.”

मी ‘बरं’ म्हटलं आणि माप घेतलं. दुसरं काय म्हणणार? मला शिवणकाम शिकवलं त्या मालनकाकूंचा एकच दंडक होता. माप घेताना फितीकडं बघायचं, अंगाकडं नाही, आणि जे दिसेल त्यावर तोंड शिवून घ्यायचं. कुणाचं पोट सुटलंय, कुणाच्या पाठीवर वळ आहे, कुणाला दिवस गेलेत, हे नवऱ्याच्या आधी आम्हाला कळतं. बायका आमच्यासमोर निर्धास्त उभ्या राहतात त्या आमच्या तोंडाला कुलूप आहे म्हणून. तो दंडक मी वीस वर्षं पाळला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

त्याहून मोठा अभिमान मला माझ्या कटिंगचा होता. बाईंचा ब्लाउज डावीकडं किंचित ओढायला लागला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी हुकलं. मी डावीकडचा टक्स, म्हणजे छातीशी घालायची चूण, थोडा खाली घेतला. पुढच्या ब्लाउजला आणखी थोडा. मग मुंढ्याखाली कापड गोळा व्हायला लागलं, तिथं मी एक शिवण वाढवली. वरच्या बाजूला पोकळी दिसायला लागली, तिथं पातळसा पॅड घातला, तोही असा की बाईंनाच सांगावं लागलं, आत काय आहे ते. बाई म्हणाल्या, “हुशार आहेस गं.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाहेरून बघणाऱ्याला डावं-उजवं कळायचं नाही.

पण खणाच्या बाबतीत हे चालणार नव्हतं. छापील कापडात काहीही दडतं. खणाच्या रेघा सरळ असतात, एक बाजू अर्धा इंच खाली घेतली की छातीवरच्या सगळ्या रेघा तिरक्या होतात. मी खण टेबलावर अंथरला, खडूनं खुणा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. दुपारभर हेच चाललं होतं. कात्री काही लावली नाही.

शेवटी मागच्या वह्या काढल्या. म्हटलं, आधीचं माप बघू, कुठं गोंधळ होतोय ते कळेल. बाईंची पानं एकेक करून शेजारी ठेवली. ऑपरेशननंतरची पहिली दोन वर्षं डावीकडं दहा. मग सव्वादहा. त्या दिवशी मी खूश झाले होते, मला आठवलं, कारण उजवीकडंही सव्वादहाच होतं. मग साडेदहा. पावणेअकरा. अकरा. आता सव्वाअकरा.

वयानं सगळ्यांचंच खाली येतं, असं मी मनाशी म्हणत आले होते. पण उजवीकडचा आकडा सहा वर्षं जागचा हलला नव्हता. वय काय एकाच बाजूनं होतं? एक्केचाळीस मार्कवालीलाही एवढं कळायला हवं होतं. चार वर्षांत सव्वा इंच सरकलं होतं आणि प्रत्येक पाव इंचाला मी वरून कापड घालून ते झाकलं होतं.

मी वह्या मिटल्या. बाईंना सांगायचं कसं, हे मला कळेना. मालनकाकू जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, तरी त्यांची भीती वाटली.

मग मी एक केलं. खणाला हात न लावता आधी पांढरं अस्तर कापलं. दोन्ही बाजू अगदी सारख्या. पॅड नाही, जादा शिवण नाही, काही नाही. त्यावर निळ्या खडूनं खणाच्या रेघा पट्टी लावून आखल्या आणि बाईंना ट्रायलला बोलावलं.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आल्या. अस्तर घालून आरशासमोर उभ्या राहिल्या. मी मागं हातात टाचण्यांची डबी घेऊन उभी. उजवीकडून निघालेल्या रेघा मधल्या पट्टीपर्यंत सरळ आल्या होत्या. डावीकडं सगळ्या उतरल्या होत्या, काखेच्या बाजूला जास्तच.

बाई आरशाच्या जवळ सरकल्या.

“या समांतर नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नाहीत.”

“तुझं अस्तर चुकलंय.”

“नाही बाई.”

“मग शिवण ओढलीय कुठंतरी. उसव आणि परत शिव.”

“दोन्ही बाजू एकाच कागदाच्या साच्यावरून कापल्यात. तुम्ही पट्टी लावून बघा. चूक अस्तराची नाही.”

आरशातून त्यांनी माझ्यावर अशी नजर रोखली, की मी पुन्हा दहावी ‘ब’च्या बाकावर जाऊन बसले. “शालन, तू टेलर आहेस. टेलरसारखी राहा.”

“राहिले की चार वर्षं.”

“म्हणजे?”

मी वह्या आणल्या. खुणेच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या. एकेक पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. बाईंनी चष्मा खाली घेतला. त्यांना आकडे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचं बोट आधी तारखेवरून, मग डाव्या आकड्यावरून, मग उजव्या आकड्यावरून फिरत गेलं. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

“तू सांगितलं नाहीस,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“पॅड घालत राहिलीस.”

“होय.”

मला वाटलं, आता त्या अस्तर काढून फेकतील आणि निघून जातील. त्यांनी तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण त्या स्टुलावर बसल्या. ब्लाउजच्या खालून डाव्या बाजूला दोन बोटं टेकवली.

“इथं एक कडक लागतं,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षापासून. आधी आत होतं, आता अगदी कातडीखाली आलंय. जिना चढताना मी हात धरते इथं. झोपते ती उजव्याच कुशीवर.”

माझ्या हातातली डबी मी खाली ठेवली.

“पाच वर्षांच्या तपासण्या संपल्या, सगळे म्हणाले, सुटलात. अण्णांनी पेढे वाटले. आणि त्यानंतर महिन्याभरात हे लागलं हाताला.” बाईंचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, अगदी सरळ. “मी ठरवलं, निवृत्त होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. दहावीची एक बॅच तरी पुरी करते. परत ते सगळं सुरू होण्याआधी.”

“म्हणजे वर्षभर तुम्ही हे एकट्याच...”

“तूही चार वर्षं एकटीच होतीस की.”

मला रडू आलं. बाईंना रडणाऱ्या मुली आवडत नाहीत, त्यांनी पडद्याच्याच टोकानं माझे डोळे पुसले. माझ्या दुकानाचा पडदा, खडूच्या धुळीनं भरलेला. माझ्या नाकात गेली ती.

“बाई, डॉक्टरांकडं चला,” मी म्हटलं. “तीस तारखेनंतर नाही. सोमवारी.”

“आणि परत तेच निघालं तर?”

“तर तेच निघू दे. पण खण मी तोपर्यंत कापणार नाही. सत्काराला काय घालायचं ते तुम्ही ठरवा.”

धमकी फार मोठी नव्हती. पण बाई हसल्या. “एक्केचाळीस मार्कांत एवढा आवाज?” त्यांनी विचारलं. मग अस्तर उतरवून घडी करून माझ्या हातात दिलं. “सोमवारी पहिला आणि दुसरा तास मोकळा आहे. वह्या घे बरोबर.”

अण्णांना आम्ही साडीसाठी फॉल आणायला जातोय असं सांगितलं आणि बसनं मिरजेला गेलो. ज्या डॉक्टरांनी बाईंचं बसवलं होतं त्या डॉक्टर मुजावर. माझ्याच वयाच्या, लहान चणीच्या, बोलणं मात्र खणखणीत. बाईंना बघून त्यांनी आधी फाईल उघडली.

“सहा वर्षांत दोनदा आलात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मी दरवर्षी या म्हटलं होतं.”

“तक्रार काही नव्हती,” बाई म्हणाल्या, अगदी गृहपाठ न केलेल्या मुलीच्या सुरात.

तपासायला आत जाताना मी बाहेर थांबायला लागले, तर बाईंनी माझा दंड धरला. म्हणून मी आत गेले. डॉक्टरांनी त्यांना उभं करून बघितलं, हात कमरेवर ठेवून, मग हात वर करून. मग टेबलावर उताणं झोपायला सांगितलं. आणि त्या झोपल्या तसं डावीकडचं ते सगळं काखेच्या बाजूला ओघळून गेलं. मधे छातीवर नुसतं सपाट राहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी फितीकडं न बघता अंगाकडं बघितलं. ब्लाउजच्या आत एवढं काय चाललं होतं, याची मला कल्पना नव्हती.

डॉक्टरांनी खालच्या कडक जागेवरून बोट फिरवलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. माझा दंड त्यांनी पुन्हा धरला होता.

“ही गाठ वाटली तुम्हाला?”

“हो.”

“मला ही इम्प्लांटची कड वाटतेय. खाली आलंय ते, आणि खालची कातडी पातळ झालीय, म्हणून हाताला लागतेय. तरी सोनोग्राफी आणि एमआरआय करून घेऊ. नुसत्या हातावर मी काही ठरवणार नाही.”

बाईंनी डोळे उघडले. छताकडं बघत म्हणाल्या, “कड.”

“कड. केव्हापासून सरकतंय, काही अंदाज?”

“नक्की नाही सांगता येणार,” बाई म्हणाल्या. “हिला विचारा.”

मी पिशवीतून वह्या काढल्या. डॉक्टर मुजावर आधी नुसत्या चाळत होत्या, मग खुर्चीत बसल्या आणि कागदावर लिहून घ्यायला लागल्या. तारीख, डावा आकडा, उजवा आकडा. मधेच मला विचारलं, हा आकडा नेमका कुठून कुठपर्यंतचा. मी फीत काढून दाखवलं. मुंढ्याखाली शिवण कधी वाढवली तेही तिथं लिहिलेलं होतं, ते त्यांनी दोनदा वाचलं.

“म्हणजे आधी खाली आणि मग बाजूला,” त्या म्हणाल्या. “आणि शेवटच्या वर्षात वेग वाढलाय. इतकी नोंद तर माझ्या फाईलमध्ये नाही.” मग त्यांनी बाईंचा खुर्चीवर ठेवलेला ब्लाउज उचलला, उलटा करून आतला पॅड बघितला, शिवण बघितली. “हा तुम्हीच शिवलाय?”

“होय.”

“फारच छान आहे. इतका छान नसता तर या दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या माझ्याकडं.”

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. कौतुकानंच म्हटलं होतं. पण माझी मान खाली गेली ती वर येईना.

बाई टेबलावर उठून बसल्या होत्या, चादर गुंडाळून. “डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “ती माझी विद्यार्थिनी आहे. तारखा तिनं लिहिल्यात. मी पाच वर्षं कॅन्सरच्या डॉक्टरांकडं तपासायला जात होते आणि ‘छान आहे’ म्हणून परत येत होते. काय बोलायचं ते मला बोला.”

“कुणालाच बोलत नाहीय मी,” डॉक्टर म्हणाल्या. “चूक अशी कुणाची नाही यात. इम्प्लांटला वजन असतं, ते ज्या कप्प्यात असतं तो हळूहळू ढिला पडतो, मोठा होतो. एखादीचा होतो, एखादीचा नाही. पण आता थांबायचं नाही. कातडी आणखी पातळ झाली तर अवघड होईल.”

“आणि दुरुस्त कसं करता?” मी विचारलं. मान खाली असली तरी एवढं मला कळून घ्यायचंच होतं.

“कप्पा लहान करायचा. आतून टाके घालून. खालून आणि काखेच्या बाजूनं.”

“दोरा विरघळणारा?”

“नाही, कायमचा. आणि यांच्या कातडीकडं बघता खाली जाळीचा आधार द्यावा लागेल.”

“अस्तर,” मी म्हटलं.

“अस्तरच म्हणा.”

“एकच टीप घातली तर परत उसवेल ना? ताण खालीच येणार सगळा.”

डॉक्टर मुजावरांनी माझ्याकडं नीट बघितलं. “दोन ओळी घालते मी,” त्या म्हणाल्या. “तरी खात्री शंभर टक्के नाही. थोडं परत सरकू शकतं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील असंही मी सांगणार नाही.”

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीपाशी बसल्या. मी म्हटलं, “बाई, मी लपवलं.”

“हो.”

“तुमच्या अंगावर, तुमच्याच समोर.”

“तू चार वर्षं लपवलंस, मी एक वर्ष,” बाई म्हणाल्या. “पण तुझ्याकडं तारखा तरी होत्या.” मग थोड्या वेळानं, “कडच असेल ना गं ती?”

“कडच असणार.”

“तुला काय कळतंय त्यातलं,” त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून सांगलीपर्यंत बसल्या.

कडच होती. एमआरआयचा रिपोर्ट सहा दिवसांनी आला. त्या सहा दिवसांत मी एकही ब्लाउज धड शिवला नाही, एकीला तर दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

रिपोर्ट आला त्या दिवशी बाईंनी अण्णांना सगळं सांगितलं, माझ्यासमोरच, फाटकापाशी. अण्णांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “उजव्या कुशीवरच झोपतेस ते बघत होतो मी,” ते म्हणाले. “विचारणार होतो. मग म्हटलं, शालनचा ब्लाउज तर नीट बसतोय.” त्यानंतर मात्र त्यांनी स्कूटर फाटकाच्या आत आणून लावायला सुरुवात केली.

ऑपरेशन ऑगस्टमध्ये ठरलं. तीस जूनच्या सत्काराला काय घालायचं, यावर बाईंनी फार विचार केला नाही. “खण राहू दे तुझ्याकडं. एक साधा पांढरा शिव,” त्या म्हणाल्या. “आणि एवढ्या वेळेला शेवटचं लपव.” मी इतका मन लावून आयुष्यात ब्लाउज शिवला नव्हता. सत्काराला पहिल्या रांगेत जाऊबाई बसल्या होत्या. भाषणात बाई म्हणाल्या, की त्यांनी अडतीस वर्षांत हजारो मुलींच्या वह्या तपासल्या आणि एकीनं त्यांची तपासली. कुणालाच काही कळलं नाही. मी मागच्या रांगेत डोळे पुसत होते, शेजारच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

ऑपरेशननंतर दीड महिना त्यांना आधाराचा पट्टा बांधायचा होता. हॉस्पिटलचा पट्टा खालच्या बाजूला रुतायचा. मी डॉक्टरांना विचारून जुन्या धुतलेल्या मलमलीचं आवरण शिवलं, पुढून हूक असलेलं, डावीकडं एकही शिवण न येणारं. चार नग. अण्णा रोज एक धुऊन गच्चीवर वाळत घालायचे.

दिवाळी झाली आणि नोव्हेंबरात एका सकाळी बाई आल्या. स्वतः पायऱ्या चढून, पिशवी डाव्या खांद्यावर.

“काढ खण,” त्या म्हणाल्या.

मी वही उघडली. तारीख घातली. त्यांनी तपासली. हात वर केले. मी फीत धरली. उजवीकडं सव्वादहा, नेहमीचंच. डावीकडं फीत सोडली. दहा. पुन्हा सोडली. दहा. सहा वर्षांपूर्वी जिथं होतं तिथं.

“किती?” बाईंनी विचारलं.

“दहा.”

“आणि उजवीकडं सव्वादहा. म्हणजे पाव इंच राहिलाच की.” त्या आरशात बघत होत्या. तोंडानं हसत होत्या, हातानं पदर डावीकडं ओढत होत्या. “एवढा खटाटोप करून. जाऊबाई म्हणतीलच आता, काय मिळवलंस.”

तेव्हा मी ते बोलले, जे मी वीस वर्षं कुणापाशी बोलले नव्हते. “बाई, पाव इंच सगळ्यांचाच असतो.”

“काय?”

“सगळ्यांचा. या वह्यांत सहाशे बायका आहेत. दोन्ही बाजू सारख्या असलेली मला अजून भेटायचीय. कुणाचा पाव, कुणाचा अर्धा. आम्ही बोलत नाही, एवढंच. तुमच्या जाऊबाईंचं माप पण आहे माझ्याकडं.”

“त्यांचा किती?”

“ते मी सांगणार नाही.”

बाई आरशाकडून माझ्याकडं वळल्या. मग हसायला लागल्या, इतक्या की त्यांनी डाव्या बाजूला हात धरला, सवयीनं, आणि मग लक्षात आल्यावर काढून घेतला. तसं धरायची आता गरज नव्हती.

“आणि तुझा?” त्यांनी विचारलं.

“माझा अर्धा असेल.”

“असेल? लिहून ठेवलं नाहीस?”

“मी माझे ब्लाउज जुन्या ब्लाउजवरून कापते. माझं माप कोण घेणार?”

बाईंनी माझ्या गळ्यातली फीत काढून घेतली. “सरळ उभी राहा,” त्या म्हणाल्या. “हात वर.”

मला हसू आलं, मग लाज वाटली, मग दोन्ही नाहीसं झालं. वीस वर्षं मी फितीच्या या बाजूला होते, आरशात पाठमोरी. त्या दिवशी पहिल्यांदा समोर उभी राहिले. बाईंचे हात थंड होते आणि त्यांना फीत धरता येत नव्हती, दोनदा सुटली. शून्य कुठून धरायचा तेही मीच सांगितलं. तिसऱ्यांदा जमलं. त्या वाकल्या, चष्मा खाली घेतला, आकडा वाचला आणि पर्समधून लाल पेन काढलं.

ती वही अजून माझ्याकडं आहे. बाईंचा खण त्याच आठवड्यात शिवला, रेघेला रेघ जुळवून. आता त्या सत्तरीच्या आहेत आणि पाडव्याला अजून तोच घालतात. दरवर्षी मिरजेला तपासायला जातात, आणि जाण्याआधी माझ्याकडं येऊन आकडा घेऊन जातात. त्यांच्या पानाच्या पुढचं पान माझं आहे. त्यावर लाल अक्षरात वर तारीख आहे, खाली माझं नाव, त्याखाली उजवी दहा, डावी साडेदहा, आणि त्यापुढं बाईंनी केलेली बरोबरची खूण.